नारायणहिटीचे पाणी

लुंबिनीला जायचे हे आमच्या घरात कितीतरी वर्षे ठरत होते आणि मोडत होते. आधी मुलांची शिक्षणे, मग मुलीचे लग्न, मग ह्यांच्या पाठीचे ऑपरेशन. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरात जमले. विक्रोळीच्या आमच्या वसाहतीतील तीस-बत्तीस उपासक-उपासिका निघालो. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने सोनौली. तिथे सरहद्द म्हणजे एक कमान. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवले, पिशव्या काखोटीला मारल्या आणि आम्ही चालतच परदेशात गेलो!

लुंबिनीत अशोकस्तंभासमोर आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले. स्तंभावरच्या लेखाचा अर्थ आमच्याबरोबरच्या एका गुरुजींनी समजावून सांगितला. सम्राट अशोक स्वतः इथे आला, त्याने वंदन केले आणि बुद्धाच्या जन्मगावाचा कर कमी केला. गुरुजी म्हणाले, “राजा येऊन गेला तो गावाचा भार हलका करून गेला, हे लक्षात ठेवा. आणि शाक्यांचे राज्य हे गणराज्य होते, तिथे निर्णय सभेत होत असत, हेही लक्षात ठेवा.”

ते वाक्य माझ्या मनात राहिले. कारण आजचा नेपाळी माणूसही आपल्या राज्याला ‘गणतंत्र’ म्हणतो. शाह घराण्याचे दोनशे चाळीस वर्षांचे सिंहासन तिथल्या लोकांनी २००८ साली खाली उतरवले. ते कसे उतरवले, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले अशा माणसाला आम्ही भेटणार होतो. म्हणून बाकीची मंडळी कुशीनगरकडे वळली, तेव्हा आम्ही दोघे नवराबायको काठमांडूच्या बसमध्ये बसलो.

हा माणूस म्हणजे आमच्या वसाहतीचा जुना वॉचमन. पोरे त्याला ‘बहादूर काका’ म्हणत. त्याचे नाव बहादूर नव्हते. पण मुंबईत प्रत्येक नेपाळी वॉचमनचे नाव बहादूरच असते! निवृत्त होऊन गावी जाताना तो म्हणाला होता, “दिदी, काठमांडूला या. मला तिकडे दाई म्हणा.” आम्हांला हसू आवरेना. मी जन्मभर प्रसूतिगृहात आया होते. आमच्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई! नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. तेव्हापासून तो आमचा दाईच झाला.

रात्रभराचा घाटरस्ता, धूळ आणि खड्डे. सकाळी थंडीने कुडकुडत कलंकी नावाच्या चौकात उतरलो. लुंबिनी, पोखरा ह्या बाजूंनी येणाऱ्या गाड्या इथूनच शहरात शिरतात. दाई मफलर गुंडाळून उभा होता. त्याने ह्यांना मिठी मारली, माझी पिशवी घेतली आणि पहिलेच वाक्य बोलला, “दिदी, जिथे उभ्या आहात ना, तिथेच आम्ही उभे होतो. ह्याच चौकात गोळी चालली.”

मी खाली पाहिले. आता तिथे भुयारी रस्ता झाला आहे, वर बसवाले ओरडत असतात. काही खूण दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दाई आम्हांला नारायणहिटीला घेऊन गेला. हा राजाचा वाडा. २००९ सालापासून ते संग्रहालय आहे. तिकीट काढायचे, मोबाइल आणि पिशवी बाहेर ठेवायची आणि आत जायचे. रांगेत आमच्या पुढे शाळेची पोरे होती, मागे डोक्याला रुमाल बांधलेली एक खेडूत म्हातारी. दाई म्हणाला, “आधी ह्या फाटकासमोरून जाताना आम्ही मान खाली घालत होतो. आता तिकीट काढून आत जातो.”

आत जिन्याच्या दोन्ही बाजूंना पेंढा भरलेले वाघ उभे आहेत. दालनांना नेपाळच्या जिल्ह्यांची आणि डोंगरांची नावे दिली आहेत. राजाने सगळा देश एका छपराखाली गोळा करून ठेवल्यासारखा! गोरखा बैठकीत सिंहासन आहे. छतापासून भले मोठे झुंबर लोंबते. मुकुटही काचेआड ठेवला आहे, रत्ने जडवलेला आणि वर पक्ष्याची पिसे खोवलेला. मागच्या अंगाला एका पाडलेल्या इमारतीचा नुसता पाया उरला आहे. १ जून २००१ च्या रात्री तिथे राजा बीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरातली माणसे गोळ्यांनी मारली गेली. चौकशी समितीने युवराज दीपेंद्रला जबाबदार धरले. तोही तीन दिवसांनी मेला आणि बीरेंद्रचा भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आला. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात. त्या पाहून ती खेडूत म्हातारी चुकचुकली. मलाही वाईट वाटले. मेलेल्या माणसाचे कोणालाही वाईटच वाटते.

बाहेर आल्यावर एका झाडाखाली बसलो. मी विचारले, “दाई, नारायणहिटी म्हणजे काय हो?”

तो म्हणाला, “हिटी म्हणजे पाण्याची धार. नेवारी भाषेतला शब्द. खाली उतरायला पायऱ्या, दगडाच्या तोटीतून पाणी पडते. इथे नारायणाचे देऊळ आहे आणि धार आहे, म्हणून नारायणहिटी.”

मग थोडे थांबून तो म्हणाला, “राजाच्या वाड्याला पाण्याचे नाव आहे दिदी. आणि आमच्या जातीलाही राजाने पाण्यावरूनच नाव दिले.”

वाचकहो, हे त्याचे बोलणे नीट समजण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल.

गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८ साली काठमांडू जिंकले आणि शाह घराण्याचे राज्य सुरू झाले. पुढे १८४६ साली जंगबहादूर राणा याने कत्तल करून सत्ता बळकावली. राजा नावाला राहिला आणि एकशे चार वर्षे राण्यांनी राज्य केले. हा जंगबहादूर १८५० साली इंग्लंड-फ्रान्स पाहून आला. परत येऊन त्याने काय केले? १८५४ साली ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा काढला आणि सगळ्या देशाला जातीच्या उतरंडीत बसवले. वर जानवे घालणारे, त्यांच्याखाली दारू पिणाऱ्या जाती आणि तळाला ‘पानी नचल्ने’, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही ते. त्यांतही दोन वर्ग केले. काहींना शिवले तर चालेल, काहींना शिवले तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचे! एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा. आपल्याकडे मनुस्मृती पोथीत होती. तिथे ती सरकारी कायदा होऊन बसली आणि शंभरावर वर्षे चालली. १९६३ च्या नव्या ऐनाने जातीप्रमाणे शिक्षा देणे बंद केले. पण त्याच राजवटीत, १९६२ च्या संविधानाने, नेपाळला हिंदू राज्य ठरवले होते. राजा हा विष्णूचा अवतार, त्याच्या नावामागे पाच वेळा श्री. सरकारचे नावच ‘श्री ५ को सरकार’.

आमचा दाई कामी जातीचा. कामी म्हणजे लोहारकाम करणारे. गुरख्याच्या कमरेची जगप्रसिद्ध खुकरी घडवतो कामी, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही! मुंबईत हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. आमच्या वसाहतीत १४ एप्रिलची मिरवणूक पाहून त्याने ह्यांना एकदा विचारले, “हे साहेब कोण?” ह्यांनी रात्रभर त्याच्या केबिनमध्ये बसून सांगितले. पहाटे तो म्हणाला, “मग मी पण तुमच्यातलाच.”

आता २००६ च्या एप्रिलची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐका.

“आई आजारी म्हणून मी रजेवर आलो होतो. राजाने २००५ च्या १ फेब्रुवारीला सगळी सत्ता हातात घेतली होती. पुढाऱ्यांना घरात कोंडले, टेलिफोन बंद केले. डोंगरात माओवाद्यांचे युद्ध १९९६ पासून चालूच होते. माझा पुतण्या त्यांत गेला. सतरा वर्षांचा होता. त्याला वाटले, बंदूक घेतली की कोणी जात विचारणार नाही. आमचे पुष्कळ पोर गेले. तो आला नाही परत. मेला म्हणावे तर प्रेत नाही.”

त्या दहा वर्षांच्या युद्धात सुमारे सतरा हजार माणसे मेली. हजाराहून अधिक माणसांचा आजही पत्ता नाही.

दाई पुढे सांगू लागला. “सात पक्षांनी आणि माओवाद्यांनी २००५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत समझोता केला. मग ६ एप्रिलपासून बंद पुकारला. चार दिवसांचा म्हणून पुकारला, तो थांबेचना. राजाने संचारबंदी लावली. दिसेल त्याला गोळी, असा हुकूम. शहराच्या भोवती रिंग रोड आहे. आतमध्ये संचारबंदी, म्हणून लोक रिंग रोडवर जमत. कलंकी, गोंगबू, चाबहिल, सगळे चौक भरलेले. खेड्यांतून माणसे चालत आली. डॉक्टर आले, वकील आले, मास्तर आले, सरकारी नोकरसुद्धा आले. माझ्या एका बाजूला बामण, दुसऱ्या बाजूला नेवार. खांद्याला खांदा लागला तरी कोणी अंगावर पाणी शिंपडले नाही. मी मनात म्हटले, हीच खरी क्रांती!”

हे गप्प बसून ऐकत होते. १९८२ च्या गिरणी संपात हे ऐन उमेदीत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “एकोणीस दिवस. पोटाला काय खाल्लंत?”

दाई हसला. “तुम्हीच हे विचारणार, मला माहीत होते. भाजी नाही, घासलेट नाही. मीठ लावून चिवडा चावायचा. कोणी मायमाउली खिडकीतून पाणी द्यायची.”

“पाणी द्यायची?” मी विचारले.

“हो दिदी. त्या एकोणीस दिवसांत पाणी देताना जात विचारली नाही.”

२० एप्रिलला कलंकीच्या चौकात गोळीबार झाला, माणसे मेली. दुसऱ्या दिवशी राजाने टीव्हीवर येऊन पक्षांना पंतप्रधानाचे नाव द्यायला सांगितले. लोकांनी ते धुडकावले. २४ एप्रिलच्या रात्री उशिरा तो पुन्हा टीव्हीवर आला आणि बरखास्त केलेली संसद परत बोलावली. लोकांच्या हातात बंदूक नव्हती. ते फक्त रस्त्यावर आले आणि घरी परत गेले नाहीत.

पुढचे काम मग सभागृहात झाले. १८ मे २००६ ला संसदेने राजाचे अधिकार काढून घेतले, सैन्य त्याच्या हातून काढले, देश धर्मनिरपेक्ष ठरवला. ‘श्री ५ को सरकार’ जाऊन ‘नेपाल सरकार’ झाले. ४ जूनला देश अस्पृश्यतामुक्त असल्याची घोषणा केली. १० एप्रिल २००८ ला संविधान सभेची निवडणूक झाली. ६०१ सभासदांत जवळजवळ एक तृतीयांश बाया होत्या आणि दलितही कधी नव्हे इतके निवडून आले. ह्या सभेच्या पहिल्याच बैठकीत, २८ मे २००८ च्या रात्री, मतदान झाले. राजेशाही संपवण्याच्या बाजूने ५६० आणि विरुद्ध ४! ११ जूनला ज्ञानेंद्र मुकुट सरकारजमा करून वाड्यातून बाहेर पडला. त्याचे डोके कोणी उडवले नाही. त्याला रहायला दुसरे घर दिले. देशाचा पहिला राष्ट्रपती झाला तो तराईतल्या शेतकऱ्याचा मुलगा, रामबरन यादव.

संध्याकाळी परतताना दाईने नव्या बानेश्वरातले ते सभागृह बसमधून दाखवले. आम्ही दोघांनी खिडकीतूनच हात जोडले.

मग आम्ही दाईच्या खोलीवर गेलो. कलंकीपासून आत, गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि कोपऱ्यात स्वयंपाक. त्याची बायको, म्हणजे आमची भाउजू, दारातच उभी होती. दाई जिन्यातच हळू आवाजात म्हणाला, “दिदी, खालच्या घरमालकिणीसमोर माझे आडनाव घेऊ नका.”

मी चमकले. “का हो?”

“आडनाव कळले की खोली सोडावी लागेल. आधी दोनदा सोडली. पहिल्या घरी म्हणाले, नळाला हात लावू नका. दुसऱ्या घरी म्हणाले, पाहुणे येणार आहेत, खोली पाहिजे. आता दुसरेच आडनाव सांगितले आहे.”

कायदा आहे. २०११ साली जातिभेद आणि अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. २० सप्टेंबर २०१५ ला लागू झालेल्या संविधानात अस्पृश्यता गुन्हा आहे आणि दलितांच्या हक्कांचे वेगळे कलम आहे. गावच्या कारभारात दर वॉर्डात एक जागा दलित बाईसाठी राखीव आहे. भाउजूची बहीणच गावाकडे निवडून आली आहे. सभेत ती खुर्चीवर बसते. पण सभा संपल्यावर चहा येतो तेव्हा, भाउजू सांगत होती, तिचा कप तिलाच विसळावा लागतो.

आम्ही खाली मान घालून बसलो. आम्हांला कोणत्या तोंडाने नवल वाटणार? आमच्या मुलीने लग्नानंतर भाड्याची खोली शोधली तेव्हा मुंबईत आम्हीही हेच ऐकले होते. “आडनाव काय?” मग, “मांसाहार करता का?” मग, “कळवतो.”

भाउजू आत गेली, पण बराच वेळ बाहेर आली नाही. दाई अवघडला. मग तीच दारात उभी राहून नेपाळीत काहीतरी पुटपुटली. दाईने सांगितले, “ती विचारते, बाटलीबंद पाणी आणू का दुकानातून? तुम्ही पाहुणे. मुंबईहून आलेले.”

मी उठले. तिच्या हातातला पितळी लोटा घेतला आणि घटाघट पाणी प्याले. ह्यांनीही प्याले. भाउजूने पदर डोळ्यांना लावला. मला आमच्या आजीची आठवण झाली. महाडचे चवदार तळे १९२७ साली झाले, आजीने ते पाहिले नव्हते. पण ती म्हणायची, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले त्या दिवशी आपण माणसे झालो. राजा गेला तो मतदानाने. पण हा लोटा कोणत्या मतदानाने भरायचा?

जेवताना दाईने मला एक जुनी नोट दिली. राजाचे अधिकार गेल्यावर नव्या नोटांवर त्याच्या चित्राच्या जागी एव्हरेस्ट छापले. पण कागद आधीच तयार होता आणि त्यात राजाचे पुसट चित्र मुरलेले होते. म्हणून त्या जागी लाली गुराँसचे फूल छापून ते झाकले. दाई म्हणाला, “उजेडात धरा, दिदी.” मी बल्बासमोर धरली. फुलाखालून राजा दिसत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. ह्याच शहरात १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब आले होते. माईसाहेब बरोबर होत्या. प्रकृती ढासळलेली. जागतिक बौद्ध परिषद होती आणि तिचे उद्घाटन राजा महेंद्रने केले होते. तेव्हा तिथे मुलुकी ऐन चालूच होता! २० नोव्हेंबरला बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स ह्या विषयावर बोलले. दुःख आणि शोषण संपवायचे हे दोघांचेही ध्येय. पण जबरदस्तीने आणलेला बदल जबरदस्ती असेपर्यंतच टिकतो. माणसाचे मन बदलले तर तो स्वतःहून टिकतो, असा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. त्यानंतर ते लुंबिनीला गेले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या भाषणानंतर पन्नास वर्षांनी त्याच शहरात लोकांनी निःशस्त्र उभे राहून राजा घालवला. दाईच्या पुतण्यासारखी पोरे ज्या अन्यायापायी जंगलात गेली, तो अन्याय खरा होता. त्यांच्यावर मी घरबसल्या न्याय करणार नाही. पण ‘पानी नचल्ने’ हा शब्द ना बंदुकीने गेला, ना ५६० मतांनी. रस्त्यावर एकोणीस दिवस तो गेला होता. माणसे घरी गेली आणि तोही घरी परत आला.

आम्ही मुंबईला आलो. २०२५ च्या मार्चमध्ये बातमी वाचली, काठमांडूत राजाला परत आणा म्हणून मोर्चे निघाले, हिंसा झाली, माणसे मेली. मग सप्टेंबरात तरुण पोरे भ्रष्टाचाराविरुद्ध आणि समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध रस्त्यावर आली. ८ तारखेला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ९ तारखेला शहरात आगी लागल्या. त्या दिवसांत सत्तरहून अधिक माणसे मेली. टीव्हीवर नव्या बानेश्वरातले ते सभागृह जळताना दिसले, तेव्हा मी हातातले काम टाकून उभी राहिले. जिथे राजाला मतांनी घालवले, तीच ही इमारत! ह्यांनी दाईला फोन लावला. दोन दिवस लागला नाही.

तिसऱ्या दिवशी लागला. दाई म्हणाला, “आम्ही बरे आहोत. इमारत जळली, दिदी. पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. पण पोरांनी राजाला नाही बोलावले.” पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. नेपाळच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान.

मी विचारले, “आणि खोली?”

तो हसला. “खोली आहे. गडबडीत घरमालकीण आमच्याच खोलीत दोन रात्री झोपली, भीती वाटत होती म्हणून. भाउजूच्या हातचा चहा प्याली. मग मी आडनाव सांगून टाकले.”

“मग?”

“मग ती गप्प राहिली. खोली सोडा म्हणाली नाही. पण त्यानंतर चहाला आली नाही. बघू. आम्ही आता आडनाव बदलणार नाही.”

फोन ठेवल्यावर मी ती नोट काढून पाहिली. आमच्या घरी ती बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या डबीत ठेवली आहे. नातवंडे उजेडात धरून पाहतात आणि विचारतात, “आजी, राजा कुठे आहे?” मी त्यांना फुलाखाली दाखवते. आणि सांगते, बाळांनो, वाड्यातला राजा लोकांनी घालवला. हा खालचा आपल्याला घालवायचा आहे, घराघरांतून, लोट्या-लोट्याने.